शेतकरी उत्पादक कंपनीचा कारभार डिजिटल करताना: वजनकाट्यापासून बँक खात्यापर्यंत

शेतकरी उत्पादक कंपनीचा कारभार डिजिटल करणे म्हणजे मोबाइल ॲप तयार करणे नव्हे. सभासदाचा माल काट्यावर आल्यापासून त्याचे पैसे खात्यात जमा होईपर्यंत प्रत्येक टप्प्याची नोंद त्याच वेळी, एकदाच आणि पुन्हा तपासता येईल अशी करणे, म्हणजे डिजिटल कारभार. ही नोंद चोख असेल तर सभासद पुढच्या हंगामात पुन्हा माल घालतो, बँक खेळत्या भांडवलासाठी दारात उभे करते आणि प्रक्रिया उद्योग थेट सौदा करतो. नोंद कच्ची असेल तर कितीही महागडे सॉफ्टवेअर घेतले तरी सभासद व्यापाऱ्याकडेच जातो.

या लेखात सोयाबीन खरेदी करणाऱ्या कंपनीचे उदाहरण घेतले आहे. तूर, हरभरा व मका या पिकांसाठीही हीच पद्धत वापरता येते. फक्त ओलाव्याची मर्यादा आणि प्रतवारीचे निकष बदलावेत.

पार्श्वभूमी

शेतकरी उत्पादक कंपनी हा प्रकार २००२ च्या कंपनी कायदा दुरुस्तीने अस्तित्वात आला. किमान १० उत्पादक शेतकरी एकत्र येऊन अशी कंपनी स्थापन करू शकतात. २०२० मध्ये केंद्र सरकारने १० हजार शेतकरी उत्पादक संस्था स्थापन करण्याची योजना सुरू केली. या योजनेत पात्र संस्थेला पहिल्या ३ वर्षांत व्यवस्थापन खर्चासाठी कमाल १८ लाख रुपये मिळतात. ही मुदत संपल्यावर मुख्य कार्यकारी अधिकारी आणि लेखापाल यांचा पगार कंपनीला स्वतःच्या उलाढालीतून काढावा लागतो. अनेकदा माणूस सोडून जातो आणि त्याच्याबरोबर हिशेबही जातो. म्हणून पहिल्या ३ वर्षांतच कारभार व्यक्तीवर नव्हे, नोंदीवर उभा करणे गरजेचे आहे.

सोयाबीनमध्ये डिजिटल व्यवहाराचा मोठा प्रयोग मध्य प्रदेशात झाला. आयटीसी कंपनीने २००० मध्ये तेथे ई-चौपाल सुरू केले. गावातीलच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक बसवला. त्याला ‘संचालक’ म्हणत. माल घेऊन निघण्यापूर्वीच शेतकऱ्याला भाव समजू लागला. कंपनीच्या केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन होई. माल कंपनीलाच विकण्याची सक्ती नव्हती. अर्थतज्ज्ञ अपराजिता गोयल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की ही केंद्रे सुरू झालेल्या भागातील बाजार समित्यांमध्येही सोयाबीनचा भाव सरासरी १ ते ३ टक्क्यांनी वाढला. म्हणजे ज्यांनी आपला माल बाजार समितीतच विकला, त्यांनाही फायदा झाला.

या प्रयोगातून आपल्या कंपन्यांनी घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. भाव आधी कळणे आणि वजनाची खात्री पटणे, या दोन गोष्टी शेतकऱ्याला तंत्रज्ञानापेक्षा जास्त महत्त्वाच्या वाटतात. संगणक हे त्यासाठीचे साधन आहे.

नोंदी कोणत्या क्रमाने डिजिटल कराव्यात

सगळे एकदम सुरू करू नये. पुढील क्रम ठेवावा.

१. सभासद नोंद
२. खरेदी पावती
३. साठा नोंद
४. सभासदाचे चुकारे
५. हिशेब व कायदेशीर विवरणपत्रे
६. विक्री, गोदाम पावती व ऑनलाइन लिलाव

पहिल्या चार नोंदी पक्क्या झाल्याशिवाय सहाव्या टप्प्याकडे वळू नये.

१. सभासद नोंद

प्रत्येक सभासदाला एक कायमचा क्रमांक द्यावा. नावावरून शोध घेऊ नये. एकाच गावात एकाच नावाचे तीन शेतकरी असतात. नोंदीत पुढील माहिती असावी:

• सातबाऱ्याप्रमाणे पूर्ण नाव, गाव, गट क्रमांक व क्षेत्र
• शेअर्सची संख्या व भरलेली रक्कम
• स्वतःचा मोबाइल क्रमांक
• स्वतःच्या नावाचे बँक खाते व शाखेचा आयएफएससी कोड
• फार्मर आयडी
• चालू हंगामातील पीक व क्षेत्र

पिकाच्या क्षेत्रासाठी ई-पीक पाहणीची नोंद आधार मानावी. महाराष्ट्रात ही पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. हमीभाव खरेदीच्या वेळी सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर शेतकऱ्याची अडचण होते. हंगामाच्या सुरुवातीलाच सभासदांची यादी काढून कोणाची पीक पाहणी राहिली आहे ते पाहावे. एवढ्या एका कामानेही सभासदाला कंपनीचा उपयोग पटतो.

महिला सभासदाचे खाते तिच्याच नावाचे असावे. शेअर पत्नीच्या नावावर आणि पैसे पतीच्या खात्यात, अशी पद्धत पुढे वादाचे कारण ठरते.

२. खरेदी पावती

सगळ्या कारभाराचा पाया ही पावती आहे. ती काट्याजवळच, शेतकऱ्यासमोर तयार झाली पाहिजे. दिवसभर वहीत लिहून संध्याकाळी संगणकात भरण्याची सवय लावू नये. आकडे चुकण्याची आणि बदलण्याची जागा नेमकी तीच असते.

पावतीवर पुढील बाबी असाव्यात: पावती क्रमांक, तारीख व वेळ, सभासद क्रमांक, भरलेल्या व रिकाम्या वाहनाचे वजन, पोत्यांची संख्या, ओलावा, काडीकचरा, डागी दाणे, त्या दिवसाचा भाव, प्रत्येक कपात स्वतंत्र ओळीत आणि देय रक्कम.

शक्य असेल तर काट्याचा आकडा थेट संगणकात घ्यावा. बहुतेक इलेक्ट्रॉनिक काट्यांच्या डिस्प्लेला त्यासाठी जोडणी असते. काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी आणि प्रमाणपत्र काट्याशेजारी लावावे. ओलावा मोजण्याचे यंत्रही हंगामापूर्वी तपासून घ्यावे.

उदाहरण: समजा, सभासदाने ट्रॉलीत सोयाबीन आणले. भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचे वजन ४,६२० किलो आणि रिकाम्याचे २,१२० किलो. माल २,५०० किलो. ओलावा १३.५ टक्के निघाला. कंपनीचा भाव १२ टक्के ओलाव्यासाठी क्विंटलला ४,५०० रुपये आहे.

• कोरड्या मालाच्या हिशेबाने वजन = २,५०० × (१०० − १३.५) ÷ (१०० − १२) = २,४५७ किलो
• ओलाव्याची कपात = ४३ किलो
• मालाची किंमत = २४.५७ क्विंटल × ४,५०० = १,१०,५६५ रुपये
• चाळणी खर्च, क्विंटलला २० रुपये याप्रमाणे = ५०० रुपये
• सभासदाला देय = १,१०,०६५ रुपये

काही ठिकाणी एक टक्का जादा ओलाव्याला क्विंटलमागे एक किलो अशी सोपी कपात करतात. त्या हिशेबाने येथे ३७.५ किलो कपात होईल. पद्धत कोणतीही ठेवा, पण ती हंगामापूर्वी संचालक मंडळाच्या ठरावाने निश्चित करा, फलकावर लिहा आणि सर्वांना सारखीच लावा. संचालकाच्या मालाला वेगळा नियम लावला, तर ती बातमी दुसऱ्या दिवशी सगळ्या गावांत पोहोचते.

पावतीची छापील प्रत हातात द्यावी आणि तीच माहिती एसएमएस किंवा व्हॉट्सॲपवर पाठवावी. साधा फोन असलेल्या सभासदासाठी छापील प्रत पुरेशी आहे. वीज किंवा नेटवर्क नसेल त्या वेळेसाठी आधीच क्रमांक छापलेले पावती पुस्तक ठेवावे. त्यातील पावत्या त्याच दिवशी, पुस्तकाच्या क्रमांकासह संगणकात चढवाव्यात.

३. साठा नोंद आणि घट

अनेक कंपन्यांत पहिला मोठा वाद साठ्यावरून होतो. खरेदी १,००० क्विंटल दिसते आणि विक्री ९७८ क्विंटल. उरलेला माल कुठे गेला, असा प्रश्न वार्षिक सभेत येतो आणि संशय गोदाम सांभाळणाऱ्यावर जातो. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा तो माल कोणी नेलेला नसतो, तो वाळलेला असतो.

१२ टक्के ओलाव्याचे १,००० क्विंटल सोयाबीन १० टक्क्यांपर्यंत वाळले, तर वजन १,००० × ८८ ÷ ९० = ९७७.८ क्विंटल होते. म्हणजे २२ क्विंटलपेक्षा जास्त घट. ४,५०० रुपये भावाने ही रक्कम सुमारे १ लाख रुपये होते.

सोयाबीन प्रक्रिया उद्योगात खरेदी साधारणपणे ‘१०-२-२’ या निकषावर होते: १० टक्के ओलावा, २ टक्के काडीकचरा-माती आणि २ टक्के डागी दाणे. हमीभाव खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. कंपनीने १२ टक्क्यांनी घेऊन १० टक्क्यांच्या निकषावर विकायचे असेल, तर भाव ठरवतानाच हा फरक धरला पाहिजे. कारखान्याचा भाव ४,५०० रुपये असेल, तर १२ टक्के ओलाव्याच्या मालाची बरोबरीची किंमत ४,४०० रुपये होते. वाहतूक, हमाली, बारदाना आणि कंपनीचा खर्च त्यातून आणखी वजा होतो. हे गणित न करता व्यापाऱ्याशी भावाची स्पर्धा केली, तर उलाढाल वाढत जाते आणि भांडवल कमी होत जाते.

यासाठी साठ्याची नोंद लॉटनुसार ठेवावी. प्रत्येक लॉटला क्रमांक, आवक तारीख, सरासरी ओलावा, पोती आणि गोदामातील जागा नोंदवावी. दर १५ दिवसांनी ओलावा व वजनाची पडताळणी करून दोन जणांच्या सहीने नोंद करावी. मग घट किती नैसर्गिक आणि किती अनाठायी, हे आकड्यावरून ठरवता येते. प्रामाणिक गोदामपालाचे संरक्षणही हीच नोंद करते.

४. सभासदाचे चुकारे

व्यापारी भाव थोडा कमी देतो, पण पैसे हातात देतो. कंपनीचे पैसे उशिरा आले, तर जास्त भावाचा उपयोग होत नाही. म्हणून किती दिवसांत पैसे देणार ते आधी जाहीर करावे आणि तेवढाच माल घ्यावा जेवढ्याचे पैसे त्या मुदतीत देता येतील.

• पैसे सभासदाच्या स्वतःच्या खात्यातच जमा करावेत.
• एनईएफटी सेवा डिसेंबर २०१९ पासून २४ तास व सुट्टीच्या दिवशीही सुरू आहे. अनेक सभासदांचे चुकारे एकाच फाइलने पाठवण्याची सोय बँकेकडे मागावी.
• नवीन खात्यात आधी १ रुपया पाठवून नाव तपासावे. एक आकडा चुकला तर रक्कम परत मिळवायला आठवडे जातात.
• रक्कम जमा झाल्याचा बँक व्यवहार क्रमांक त्याच खरेदी पावतीला जोडावा.
• एकाने रक्कम भरावी आणि दुसऱ्याने मंजूर करावी. दोन्ही अधिकार एकाच व्यक्तीकडे देऊ नयेत.

सभासदाने “माझे पैसे किती आले?” असे विचारल्यावर एका मिनिटात पावती, कपात आणि जमा रक्कम दाखवता आली पाहिजे. कंपनीचा कारभार खरोखर डिजिटल झाला की नाही, याची हीच कसोटी आहे.

५. हिशेब व कायदेशीर बाबी

शेतकरी उत्पादक कंपनी ही कंपनी कायद्याखालील कंपनी आहे. त्यामुळे दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे.

पहिली, १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला बदलांचा माग ठेवणारे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. कोणती नोंद कधी बदलली हे त्यात राहते आणि ही सोय बंद करता येत नाही. लेखापरीक्षक याबाबत आपल्या अहवालात लिहितात. फक्त स्प्रेडशीटवर हिशेब ठेवत असाल तर याबाबत आपल्या सनदी लेखापालांशी बोलून घ्या.

दुसरी, वार्षिक आर्थिक पत्रके सर्वसाधारण सभेनंतर ३० दिवसांत आणि वार्षिक विवरणपत्र ६० दिवसांत ऑनलाइन भरावे लागते. उशीर झाल्यास प्रत्येक फॉर्मला दररोज १०० रुपये जादा शुल्क लागते. दोन फॉर्म वर्षभर राहिले तर ७३ हजार रुपये होतात. लहान कंपनीच्या वर्षाच्या नफ्याएवढी ही रक्कम असू शकते.

जीएसटी नोंदणी असलेल्या आणि वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांपेक्षा जास्त असलेल्या कंपनीने व्यावसायिक खरेदीदाराला करपात्र माल विकताना ई-इनव्हॉइसचा नियम तपासावा.

६. गोदाम पावती आणि ऑनलाइन विक्री

काढणीच्या काळात भाव उतरलेला असतो. माल थांबवायचा तर पैसे लागतात. येथे इलेक्ट्रॉनिक गोदाम पावती उपयोगी पडते. गोदाम विकास व नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी असलेल्या गोदामात माल ठेवल्यावर ही पावती मिळते. २०१७ पासून ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सुरू झाली. तिच्यावर मालाचे वजन व प्रत नोंदलेली असते. ती बँकेकडे तारण ठेवता येते, तसेच माल न हलवता विकताही येते. तारणाची नोंद संगणकीय असल्यामुळे एकाच मालावर दोन ठिकाणी कर्ज उचलता येत नाही. बँकेला हाच विश्वास हवा असतो.

किसान क्रेडिट कार्ड असलेल्या लहान व सीमांत शेतकऱ्यांना अशा पावतीवरील कर्जासाठी काढणीनंतर ६ महिन्यांपर्यंत व्याज सवलतीची तरतूद आहे. याशिवाय पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना बाजार समित्यांमार्फत राबवली जाते. आपली बाजार समिती त्यात सहभागी आहे का, ते विचारावे. माल ठेवण्यापूर्वी भाडे, विमा, व्याज आणि घट यांची बेरीज करावी. भाव तेवढा वाढण्याची शक्यता दिसत नसेल तर माल थांबवू नये.

ऑनलाइन विक्रीसाठी राष्ट्रीय कृषी बाजार म्हणजे ई-नाम आहे. १४ एप्रिल २०१६ रोजी तो सुरू झाला आणि आज देशातील हजाराहून अधिक बाजार समित्या त्याला जोडलेल्या आहेत. २०२० पासून शेतकरी उत्पादक कंपन्यांना आपल्या संकलन केंद्रावरूनच मालाचे छायाचित्र व प्रतवारी टाकून लिलावात भाग घेण्याची सोय आहे. परगावचा खरेदीदार माल न पाहता बोली लावतो तो प्रतवारीच्या आकड्यावर विसंबून. सांगितलेली आणि प्रत्यक्ष प्रत एकदा जुळली नाही, तर तो खरेदीदार परत येत नाही.

सॉफ्टवेअर निवडताना विचारायचे प्रश्न

• मराठीत पावती निघते का?
• नेटवर्क नसताना नोंद होते का?
• ओलाव्याची कपात आमच्या ठरावाप्रमाणे बसवता येते का?
• पुढील वर्षी शुल्क किती? सभासद वाढल्यास वाढते का?
• करार संपल्यावर आमची सर्व माहिती स्प्रेडशीटमध्ये परत मिळेल का? हे करारात लिहिले आहे का?
• हंगामात बिघाड झाल्यास कोण, किती वेळात येणार?

२०० ते ३०० सभासद असलेल्या कंपनीने पहिल्या हंगामात साध्या स्प्रेडशीटवर खरेदी व साठ्याची नोंद ठेवली तरी चालते, हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र नियमाप्रमाणे असावे. एक हंगाम नोंदीची शिस्त बसली की आपल्याला नेमके काय हवे ते कळते. मग सॉफ्टवेअर घ्यावे.

नेहमी होणाऱ्या चुका

• पावतीची पद्धत बसण्यापूर्वी सभासदांसाठी ॲप काढणे.
• वही आणि संगणक दोन्ही वर्षानुवर्षे चालवणे. एक हंगाम दोन्ही ठेवावे, आकडे जुळले की एकच पद्धत पक्की करावी.
• सर्व पासवर्ड एकाच व्यक्तीकडे असणे. अधिकारांची यादी संचालक मंडळाकडे असावी आणि माणूस बदलला की त्याच दिवशी पासवर्ड बदलावा.
• माहितीची दुसरी प्रत न ठेवणे. रोज एक प्रत वेगळ्या ठिकाणी साठवावी.
• सभासदांचे आधार कार्ड व पासबुकचे फोटो व्हॉट्सॲप गटावर मागवणे. ही कागदपत्रे कार्यालयातच घ्यावीत. ओटीपी कोणालाही सांगू नये, हे प्रत्येक बैठकीत सांगावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी तपासणी सूची

कंपनीला भेट दिल्यावर पुढील पाच गोष्टी पाहाव्यात:

१. मागील हंगामातील कोणतीही एक पावती घ्या. तिचा लॉट, विक्री आणि बँक व्यवहार क्रमांक सापडतो का?
२. काट्याचे पडताळणी प्रमाणपत्र चालू आहे का?
३. आजचा भाव आणि कपातीचे नियम फलकावर आहेत का?
४. संगणकातील साठा आणि गोदामातील पोती जुळतात का?
५. लेखापाल रजेवर असेल तर दुसरे कोणी पावती काढू शकते का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर नवीन यंत्रणा सुचवण्याआधी तेच काम पूर्ण करून घ्यावे.

कामाचे वेळापत्रक

सोयाबीनची काढणी साधारण सप्टेंबरअखेर सुरू होते. त्यामुळे जून-जुलैमध्ये सभासद नोंद पूर्ण करावी आणि बँक खाती तपासावीत. ऑगस्टमध्ये पीक पाहणीचा आढावा घ्यावा, काटा व ओलावा यंत्र तपासून घ्यावे आणि कपातीचा ठराव करावा. सप्टेंबरमध्ये १० सभासदांच्या मालावर पावती ते चुकारा अशी चाचणी घ्यावी. त्या चाचणीत जी अडचण येईल ती दहा पावत्यांत सुटते. ती आवकेच्या गर्दीत, ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना सुटत नाही.